पाणी प्लांटमधून स्वच्छच निघतं, शिसं मिसळतं शेवटच्या पाइपात : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नळाच्या पाण्यातल्या शिशाबद्दल चार ओळी लिहिल्या काय आणि नुसता पत्रांचा पाऊस पडला. बहुतेक पत्रं इकडे अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांची आहेत, कारण शहरोशहरच्या पाणी खात्यांनी घरोघरी पाइपांबद्दल पत्रं पाठवलीत आणि ती वाचून लोक घाबरलेत. मी स्वतः इकडच्याच एका पाणी खात्याच्या लॅबमधे बरीच वर्षं काम करते, शिसं आणि तांबं तपासायला आलेल्या पाण्याच्या बाटल्या रोज हाताखालून जातात, त्यामुळे जे सांगते ते मनापासून सांगते. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, राग नको.

प्रश्न : ताई, पाणी खात्याचं पत्र आलंय की तुमची सर्व्हिस लाइन 'अननोन' आहे, लेडची म्हणजे शिशाची असू शकते. आमचं घर १९४० च्या आसपासचं, घेऊन चार वर्षं झाली. मुलगी दीड वर्षाची आहे. म्हणजे इतके दिवस आम्ही तिला विष पाजलं का? दोन रात्री झोप नाही.

आधी शांत व्हा. ते पत्र म्हणजे तुमच्या पाण्याचा रिपोर्ट नाहीये. रस्त्याखालच्या मोठ्या मेनपासून तुमच्या घरात येणारा जो बारीक पाइप असतो ना त्याला सर्व्हिस लाइन म्हणतात, आणि तो कशाचा आहे हे बऱ्याच शहरांना खरंच माहीत नाही, जुन्या नोंदी हरवल्यात किंवा कधी केल्याच नव्हत्या. १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत प्रत्येक पाणी खात्याने अशा सगळ्या पाइपांची यादी करायची होती, लेड, लेड नाही, जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पण बदलायला हवा असा, आणि अननोन, आणि यादी झाली की तीस दिवसांत लेड, तसला जीआय नाहीतर अननोन असलेल्या घरांना कळवायचं होतं. तुमचं पत्र त्यातलंच.

आता एक काम करा, आज रात्रीच करा. बेसमेंटमधे जा, पाइप जिथे भिंतीतून किंवा जमिनीतून वर येतो आणि मीटरला जाऊन भिडतो तिथे टॉर्च मारा. मीटरच्या अलीकडचा, म्हणजे रस्त्याच्या बाजूचा तुकडा बघायचाय. एक नाणं घ्या आणि त्याच्या कडेने पाइप हलकेच खरवडा, चाकू नको, आणि फ्रिजवरचं मॅग्नेट सोबत ठेवा. वरून मळकट करडा, खरवडल्यावर खालून चांदीसारखा चकचकीत, मऊ लागतो आणि मॅग्नेट चिकटत नाही, तर शिसं. बऱ्याचदा शिशाच्या पाइपाला जोडाजवळ कांद्यासारखा गोल फुगवटा असतो, तो दिसला की माझ्या मनात तरी शंका राहत नाही. एक सेंटच्या नाण्यासारखा तांबूस निघाला तर तांबं. मॅग्नेट चटकन चिकटलं तर जीआय, आणि त्यातही खुश होऊ नका कारण जीआय पाइपाच्या आधी कधीकाळी शिशाचा तुकडा असेल तर आतल्या गंजात ते शिसं साठून बसतं आणि मधेच सुटतं. झालं की हात साबणाने धुवा, फोटो काढून पाणी खात्याला पाठवा. आणि घरातला तुकडा तांब्याचा निघाला म्हणून बागेखालचाही तांब्याचाच असेल असं धरू नका, अर्धा बदललेला पाइप खूप ठिकाणी सापडतो.

मुलीचं म्हणाल तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या, साधी टेस्ट आहे. सीडीसीने, म्हणजे इथल्या केंद्रीय आरोग्य संस्थेने, २०२१ पासून मुलांसाठी ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलीटर हा आकडा धरलाय, त्याच्या वर गेलं की कुठून येतंय ते शोधायला लागायचं. पाण्याशिवाय जुना रंग, त्याची धूळ हेही तेवढंच बघायला हवं, तुमच्या घराच्या वयात तर नक्कीच. तोपर्यंत तिच्या दुधाला आणि प्यायला फिल्टरचं थंड पाणी वापरा, फिल्टर कोणता ते पुढे सांगते.

प्रश्न : आमच्या शहराच्या वार्षिक रिपोर्टमधे लेड ९ पीपीबी (अब्ज भागांत नऊ भाग) लिहिलंय, लिमिट १५ आहे, म्हणजे आम्ही सेफ ना?

हा प्रश्न नऊ जणांनी विचारलाय आणि मला सगळ्यात जास्त कळकळीने याच्याबद्दलच बोलायचंय. शहराचा आकडा म्हणजे तुमच्या नळाचा आकडा नव्हे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

तो आकडा कसा काढतात बघा. १९९१ साली ईपीएने, म्हणजे इथल्या केंद्रीय पर्यावरण खात्याने, लेड अँड कॉपर रूल (शिसं आणि तांब्याचा नियम) आणला. बाकीचे घटक बहुतेक प्लांटमधे किंवा मेनवर तपासतात, पण शिसं तिथे नसतंच, ते घराजवळच्या पाइपातनं, सोल्डरमधनं (पाइप जोडायच्या डाखातनं) आणि पितळी फिटिंगमधनं येतं, म्हणून हे एक लोकांच्या किचनच्या नळावर जाऊन मोजावं लागतं. शहर जेवढं मोठं तेवढी घरं, एक लाखावर वस्ती असेल तर १०० घरं, आणि बरीच वर्षं रिझल्ट चांगले आले तर ५०. आता समजा छोटं गाव आहे, दहाच घरं घेतली आणि आकडे आले २, २, ३, ३, ४, ५, ६, ७, ९ आणि ६०. चढत्या क्रमाने लावायचे आणि दहातला नववा धरायचा, त्याला नव्वदावा पर्सेंटाइल म्हणतात. नववा आहे ९. गाव पास! रिपोर्टमधे ९ छापून येणार. आणि ते ६० वालं घर? ते त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. नियमाने त्या घराला त्याचा रिझल्ट कळवावा लागतो, पण ज्यांच्या घरी तपासणीची बाटली गेलीच नाही त्यांचं काय, ते नऊ वाचून निवांत.

दुसरं, १५ ही तब्येतीची सुरक्षित रेषा नाहीये. तब्येतीच्या दृष्टीने शिशाचं ध्येय ईपीएने शून्यच ठेवलंय. १५ म्हणजे ॲक्शन लेव्हल, त्याच्या वर गेलं की पाणी खात्याने हातपाय हलवायचे, पाण्याची केमिस्ट्री सुधारायची, लोकांना सांगायचं, पाइप बदलायचे. ऑक्टोबर २०२४ मधे आलेल्या सुधारित नियमात हा आकडा १० केलाय, तो लागू व्हायची तारीख नियमात नोव्हेंबर २०२७ आहे, आणि शिशाच्या सर्व्हिस लाइन साधारण दहा वर्षांत सगळ्या काढायच्या असंही त्यात आहे. तांब्याची ॲक्शन लेव्हल १.३ मिलिग्रॅम प्रति लीटर, ती आहे तशीच.

प्रश्न : सॅम्पलसाठी आमच्या घराची निवड झालीय, बाटली दारात ठेवून गेलेत. नवरा म्हणतो आधी पाच मिनिटं नळ सोड म्हणजे रिझल्ट चांगला येईल.

अहो नका हो असं करू! रिझल्ट चांगला आणायचा नाहीये, खरा आणायचाय. पाणी पाइपात जितका वेळ पडून राहील तितकं ते धातू ओढून घेतं, म्हणून निदान सहा तास घरात कुठेही पाणी वापरायचं नाही, फ्लश नाही, वॉशिंग मशीन नाही, आणि मग किचनच्या थंड नळाखाली बाटली धरायची आणि पहिला थेंब बाटलीतच पडला पाहिजे. रात्री झोपताना नळावर चिठ्ठी चिकटवून ठेवा, नाहीतर पहाटे कोणीतरी सवयीने ग्लास भरतंच. आधी नळ सोडून ठेवू नका, नळाच्या तोंडाची जाळी काढू नका, आणि नळ नेहमीसारखा पूर्ण सोडा, बारीक धार धरू नका. पूर्वी काही ठिकाणी लोकांना जाळी काढा, आदल्या रात्री पाणी सोडा, असं लिहून दिलं जायचं, त्याने आकडे खाली यायचे. फेब्रुवारी २०१६ मधे ईपीएने स्पष्ट सांगितलं की हे बंद करा आणि बाटलीही रुंद तोंडाची द्या म्हणजे लोक धार जोरात धरतील. जाळीत शिशाचे कण अडकून बसतात, जोराच्या धारेत ते सुटतात, आणि तेच तर पकडायचेत. (सॅम्पल देऊन झालं की मात्र जाळी काढून धुवा, आणि पुढेही दर महिन्याला धुवा.)

आणि एक. तुमची सर्व्हिस लाइन शिशाची असेल तर पहिला लीटर पुरत नाही. जरा हिशोब करा, अर्धा इंची कॉपर पाइपात मीटरला साधारण दीडशे मिलिलीटर पाणी मावतं, म्हणजे पहिली एक लीटरची बाटली भरली तेव्हा तुम्ही नळाच्या मागचं सहा-सात मीटरचंच पाणी बघितलंत, ते पाणी रात्रभर घरातल्या तांब्यात आणि सोल्डरमधे होतं. बागेखालच्या शिशाच्या पाइपात रात्र काढलेलं पाणी त्याच्या मागून येतंय, दुसऱ्या तिसऱ्या चौथ्या पाचव्या लीटरला. म्हणून नव्या नियमात अशा घरांत ओळीने पाच बाटल्या भरून पहिला आणि पाचवा लीटर तपासायचा आणि जो जास्त तो धरायचा असं आहे. माझ्या टेबलावर अशी बाटल्यांची जोडी आलीय, पहिलीत जवळजवळ काही नाही आणि पाचवीत भरपूर, नळ तोच, पहाट तीच. जुन्या पद्धतीत आपण त्या घरातल्या बाईंना 'छान आहे' असं कळवून मोकळे झालो असतो, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

यावरूनच दुसरीही गोष्ट समजून घ्या, 'सकाळी अर्धा मिनिट पाणी सोडलं की झालं' हे शिशाची लाइन असलेल्यांना लागू पडत नाही. अर्ध्या मिनिटात नेमकं वाईट पाणी नळाशी येतं. आंघोळ, कपडे झाल्यावर प्यायचं पाणी भरा, ते बरं.

प्रश्न : पाणी खातं पाण्यात फॉस्फेट टाकतं असं कळलं. आम्हाला न विचारता केमिकल का टाकतात? बंद करायला अर्ज कुठे द्यायचा?

अर्ज देऊ नका, उलट ते टाकतायत याचे आभार माना. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ती पाइपाची कल्हई आहे. ऑर्थोफॉस्फेट अगदी थोडं टाकतात, लीटरला एक-दोन-तीन मिलिग्रॅमच्या आसपास, ते शिशाशी जुळून पाइपाच्या आतून न विरघळणारा थर धरतं आणि पाणी आणि शिसं यांची गाठच पडत नाही. जेवणातून आपल्या पोटात याच्यापेक्षा कितीतरी जास्त फॉस्फेट जातं. पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल आहे) आणि अल्कलिनिटी (ते आम्ल किती पचवतं) सांभाळणं हा त्याचाच दुसरा भाग. काही वर्षं जपली तर ही कल्हई छान टिकते, आणि पाणी बदललं तर काही आठवड्यांत उडायला लागते.

फ्लिंटमधे तेच झालं. मिशिगनमधलं हे शहर डेट्रॉइटकडून लेक ह्युरनचं पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोफॉस्फेट असायचं. पैसे वाचवायचे म्हणून एप्रिल २०१४ मधे फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं, त्यात क्लोराइड जास्त, आणि गंजरोधक काही टाकलंच नाही. वर्षानुवर्षांचा थर सुटला. लोक लाल-पिवळं पाणी बाटलीत भरून मीटिंगला आणत होते आणि त्यांना पाणी ठीक आहे असं सांगितलं जात होतं. ऑक्टोबर २०१४ मधे तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने ते पाणी घेणं थांबवलं कारण त्यांचे पार्ट गंजायला लागले, आणि मुलं मात्र त्यानंतर पुरतं एक वर्ष तेच पीत होती, ऑक्टोबर २०१५ पर्यंत. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या मार्क एडवर्ड्स यांच्या टीमने घरोघरचे नळ तपासले, आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी मुलांचे रक्ताचे रिपोर्ट काढून दाखवलं की पाणी बदलायच्या आधी २.४ टक्के मुलांत शिसं जास्त होतं ते नंतर ४.९ टक्के झालं. दुपटीने. हे टक्के वाचायला लहान वाटतात पण त्यातलं प्रत्येक एक म्हणजे कोणाचं तरी पोर आहे.

आणि नेहमी निष्काळजीपणानेच होतं असंही नाही. वॉशिंग्टन डीसीमधे नोव्हेंबर २००० मधे क्लोरीनऐवजी क्लोरामीन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनणारं जंतुनाशक) सुरू केलं, हेतू चांगला होता, क्लोरीनमुळे तयार होणारे बायप्रॉडक्ट कमी करायचे होते. पण तिथल्या शिशाच्या पाइपांवर जो थर होता तो क्लोरीनच्या जोरावर टिकलेला होता, क्लोरीन गेलं तसा तो विरघळायला लागला. शहरभर शिसं वाढलं, २००४ च्या सुरुवातीला पेपरात आलं तेव्हा लोकांना कळलं, आणि त्याच वर्षी ऑर्थोफॉस्फेट टाकायला घेतल्यावर हळूहळू उतरलं. म्हणून तुमचं शहर पाण्याचा सोर्स किंवा ट्रीटमेंट बदलतंय असं कानावर आलं तर मीटिंगला जाऊन एकच विचारा, पाइपावरच्या थराचं काय होणार ते तपासलंय का?

फॉस्फेटला एक खरी अडचण आहे, ते शेवटी तळ्यांत जातं आणि शेवाळ वाढतं. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनने म्हणूनच ते नको म्हटलं आणि २००१ पासून शहरातल्या सगळ्या शिशाच्या लाइनी उकरून काढल्या. माझं मत विचाराल तर तोच खरा उपाय, कल्हई ही पाइप निघेपर्यंतची सोय.

प्रश्न : आई तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवते आणि सांगते तब्येतीला चांगलं. मग सरकारने तांब्याला लिमिट का घातलंय? आमच्या सिंकमधे नळाखाली हिरवट-निळा डाग पडतो, तो तांब्याचाच ना?

हो, तांब्याचाच, आणि सहसा पाणी थोडं आम्ल असल्याची खूण. तांबं शरीराला लागतं, आई म्हणते त्यात तेवढं खरं आहे, पण थोडंसंच लागतं. जास्त झालं की मळमळ, उलटी, पोटात मुरडा, आणि विल्सन डिसीज असलेल्यांना तर तांबं बाहेर टाकताच येत नाही, त्यांना फार जपावं लागतं. तान्ह्या बाळांनाही. ताक कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवलं की कळकतं हे आईलाच माहीत असेल, पाइपात तेच होतं, आम्ल पाणी आणि उघडं तांबं. गंमत म्हणजे शिशाच्या उलट, तांब्याचा त्रास जुन्यापेक्षा नव्या पाइपांत जास्त, कारण नव्यावर अजून थर बसलेला नसतो. तोंडात धातूची चव येत असेल तर टेस्ट करून घ्या. शिशाला मात्र चव, वास, रंग काही नाही, त्यामुळे 'पाणी गोड लागतं आमचं' याला काही अर्थ नाही.

प्रश्न : उकळून प्यायलं तर? आणि कोणता फिल्टर? आंघोळीचं काय?

उकळून जंतू मरतात, शिसं कुठे जाणार, उलट पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं म्हणजे प्रमाण वाढतं. गरम नळाचं पाणी चहाला सुद्धा घेऊ नका, गरम पाणी धातू जास्त ओढतं. फिल्टरवर एनएसएफ ५३ (फिल्टर तपासून दिलेल्या प्रमाणपत्राचा क्रमांक) लिहिलंय का बघा आणि त्याच्याखाली 'लेड' हा शब्द आहे का तेही बघा, कारण ५३ दुसऱ्या गोष्टींसाठीही मिळतं. कणांसाठी ४२ पण असेल तर उत्तम. आरओ असेल तर ५८. नुसता चव सुधारणारा कार्बन फिल्टर आणि वॉटर सॉफ्टनर यांच्यावर शिशासाठी विसंबू नका. कार्ट्रिज वेळेवर बदला, तारीख फिल्टरवरच मार्करने लिहा. आंघोळ, भांडी, कपडे चालेल, शिसं कातडीतून तसं आत जात नाही.

प्रश्न : आम्ही भाड्याने राहतो. मालक म्हणतो पाइप नंतर बघू. आणि शेजारी म्हणतात रस्त्याच्या बाजूचा अर्धाच पाइप बदलून मिळेल, तो घ्यावा का?

अर्धा नको. करवतीने कापताना, हलवताना थर सुटतो आणि काही काळ शिसं आधीपेक्षा वाढू शकतं, शिवाय जुनं शिसं आणि नवं तांबं एकमेकांना जोडलं की गंज अजून जोरात चालतो. नव्या नियमात असं अर्धवट बदलणं बहुतेक बंदच केलंय. पूर्ण बदललात तर लगेच सगळे थंड नळ, जाळ्या काढून, खालच्या मजल्यापासून वर निदान अर्धा तास सोडा, आणि पाणी खात्याकडून जग फिल्टर आणि सहा महिन्यांची कार्ट्रिज मिळायला हवीत, मागून घ्या.

मालकाचं दुखणं जुनंच आहे. सर्व्हिस लाइनचा एक भाग शहराचा आणि एक मालकाचा, तिथेच सगळं अडतं. न्यूजर्सीतल्या नेवार्कने यातून वाट काढली, भाडेकरूंचं शहर ते, मालक सापडतच नव्हते, तेव्हा मालकाच्या सहीशिवाय पाइप बदलता येईल असा ठरावच केला, काउंटीकडून १२ कोटी डॉलर उभे केले आणि कोणाकडून एक डॉलर न घेता तीन वर्षांच्या आत २३,००० च्या आसपास लाइनी बदलल्या. तुम्ही शहराच्या यादीत तुमचा पत्ता शोधा, बहुतेक शहरांची यादी ऑनलाइन आहे, आणि पाणी खात्याला स्वतः फोन करा, भाडेकरूने फोन केला तरी चालतो. २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यात शिशाच्या लाइनींसाठी १५ अब्ज डॉलर ठेवलेत, तुमच्या शहराने त्यातले मागितलेत का तेही विचारा.

ता. क. : हे लिहून पाठवणार तेवढ्यात पहिल्या प्रश्नातल्या ताईंनी फोटो पाठवला. मीटरखाली करडा पाइप, त्यावर नाण्याने काढलेली चकचकीत रेघ, आणि वर तो कांद्यासारखा फुगवटा. शिसंच आहे. पाणी खात्याने त्यांचं घर 'अननोन'मधून 'लेड'मधे टाकलंय आणि पाइप बदलायच्या रांगेत घेतलंय, घरात फिल्टर आलाय, आणि मुलीच्या रक्ताचा रिपोर्ट गुरुवारी मिळेल असं डॉक्टरांनी सांगितलंय.